दोन पिस्तुलं आणि काकीचं तेल

माझ्या बायकोला माझ्या बहुतेक खोड्या ठाऊक आहेत. कोर्टात मी कुणापुढे उगाच हसतो, कुठला अशील दिसला की मागच्या दारानं सटकतो, दाढ दुखली की लहान पोरासारखा कण्हतो — सगळं तिला माहीत. पण आज जे लिहायला बसलो आहे ते तिच्याही कानावर कधी गेलेलं नाही. कुणाच्याच नाही. मधल्या पंधरा वर्षांत दोनदा अगदी ओठांपर्यंत आलं होतं. दोन्ही वेळा मी तपकिरीची डबी उघडली, दोन शिंका दिल्या आणि वेळ मारून नेली.

तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं. ओळखत असतात तर मी तुम्हाला काहीतरी गमतीचं सांगून वाटेला लावलं असतं. रत्नागिरीत माझी ख्याती तीच — अनंता वकील बोलायला बसला की सगळी पडवी हसते. आता त्या हसवण्याचाही कंटाळा येतो. माणूस थकतो हो. पोटात जपून ठेवलेली गोष्ट पहिल्या दिवसापासून जडच होती. फक्त ती धरून ठेवायला आता हातात जोर उरलेला नाही.

पिस्तुलांपासून सुरुवात करतो. त्यांच्याबद्दल बोलणं मला सोपं जातं. माणसांकडे हळूहळू येईन.

पहिलं पिस्तूल माझं, म्हणजे बाबांचं. एक गोरे जज्जसाहेब बदली होऊन निघाले तेव्हा त्यांच्या सामानाचा लिलाव झाला. बाबा वेताच्या खुर्च्या घ्यायला गेले आणि पिस्तूल घेऊन परत आले. आई आठवडाभर त्यांच्याशी धड बोलली नाही. परवान्यासाठी कचेरीत खेटे घातले ते वेगळेच. पिस्तूल शिकारीचं नव्हे, निशाणबाजीचं होतं. बावीस नंबरची गोळी, चवळीच्या दाण्याहून किंचित मोठी. काडतुसाच्या बुडाच्या कडेत मसाला भरलेला असतो. त्या कडेवर ठोका पडला की गोळी सुटते. आवाज तरी केवढा? कोरडी फांदी मोडावी एवढा. नळी मात्र चांगली वीतभराहून लांब. कळ दाबली की ती पुढे झुकायची. एक काडतूस आत सरकवायचं, नळी वर करायची, अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा आणि मग नेम धरायचा. एका वेळी एकच बार. पुन्हा नळी झुकवा, रिकामं काडतूस नखानं उचकटा, दुसरं घाला. अक्रोडाची मूठ माझ्या तळव्याला इतकी सवयीची झाली होती की कोर्टात बसल्या बसल्याही माझी बोटं तशी मिटायची.

रविवारी सकाळी आमच्याकडे चांदमारी चालायची. गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या चिरेखाणीत, जांभ्याच्या उभ्या कापापुढे मातीचा बांध घातला होता आणि त्याच्यापुढे निशाणाचे पुठ्ठे उभे करायचे. क्लबातले चार-सहा साहेब, एक मामलेदार, एक डॉक्टर आणि मी. पोलिसांचे बडे साहेब या खेळाचे भारी वेडे. मी त्या सगळ्यांत बरा नेम मारायचो. साहेब माझा पुठ्ठा उजेडात धरून विचारायचे, "वकील, हे कसं जमतं तुम्हाला?" मग मी त्यांना सांगायचो — हातात एकच बार आहे हे ठाऊक असलं की माणूस श्वास सांभाळतो, घाई करत नाही, आणि असंच बरंच काही. साहेब मान हलवायचे. त्या मान हलवण्यावर माझा पुढचा आठवडा निघायचा. हसलात ना? हसा. लहान गावात दिवाणी दावे चालवणाऱ्या माणसाला एवढंही पुष्कळ वाटतं.

आता दत्ताबद्दल. दत्ताराम माझा शाळेतला सोबती. आमच्या बाकावर तो डावीकडे, मी उजवीकडे, आणि मार दोघांना सारखा. त्याचे वडील लवकर गेले, म्हणून मिसरूड फुटायच्या आधीच तो बोटीवर चढला आणि इंजिनखोलीत कामाला लागला. मी मुंबईला जाऊन वकील झालो. त्याची आई जानकीकाकी मांडवीकडे घर धरून एकटी राहायची. अंगणात नारळाची थोडी झाडं. त्याचं खोबरं वाळवून ती घाण्यावरून तेल काढून आणायची आणि दर दिवाळीला एक बाटली आमच्याकडे पोचवायची. माझी आई गेल्यावरही तिनं ती बाटली चुकवली नाही. मी अर्धा त्यांच्याच पडवीत वाढलो. भाकरीवर तेल-मीठ घालून ती आधी माझ्या हातात द्यायची आणि मग दत्ताच्या.

त्या वर्षी दत्ता कायमचा परत आला. कायमचा म्हणजे तसं त्यानं ठरवलं होतं. इंजिनखोलीच्या धगीनं त्याची छाती बिघडली होती. डॉक्टरनं निक्षून सांगितलं होतं की पुन्हा त्या भट्टीत जाऊ नकोस. येताना त्यानं परदेशातून एक नवं पिस्तूल आणलं होतं. कुठल्याशा बंदरात त्यालाही या खेळाचा नाद लागला होता. परवान्याचा अर्ज मीच लिहिला, साहेबांकडे शब्दही मीच टाकला.

नवं पिस्तूल काळ्या पोलादाचं, चपटं आणि नाकाला लांब. तेही बावीस नंबरचंच. पण त्याच्या मुठीत पत्र्याची एक सपाट पेटी बसायची आणि तिच्यात दहा काडतुसं. वरचा सरकता भाग एकदा मागे ओढून सोडला की पुढे फक्त चाप ओढायचा. बार झाला की तो भाग आपणच मागे जायचा, रिकामं काडतूस बाहेर फेकायचा आणि पुढे येताना नवं आत घ्यायचा. जुन्याची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, तिळाएवढी, संध्याकाळच्या उजेडात दिसायचीच नाही. याची चांगली रुंद, चौकोनी. चाप तर असा की कधी सुटला ते बोटाला कळू नये.

दत्ता म्हणायचा, "अन्या, तुझ्या पिस्तुलात खोट नाय. पण दर बाराला तू ते मोडतोस, पकड सुटते, पुन्हा पहिल्यापासून. हे हातातच राहतं."

यावर मी चारचौघांत काय म्हणायचो? कळा जेवढ्या जास्त तेवढी दुखणी जास्त. कोकणच्या हवेत ही यंत्रं टिकायची नाहीत. नेम माणूस धरतो, पेटी धरत नाही. लोक हसायचे. दत्ताही हसायचा.

पण तुम्हाला खरं सांगतो, कारण आता खोटं सांगून काय मिळवायचं आहे? नवं पिस्तूल चांगलं होतं. सगळ्याच बाबतींत चांगलं होतं. एका रविवारी दत्तानं ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, बघ मारून. मी मारलं. आयुष्यात तसा नेम मी कधी मारला नव्हता. पुठ्ठ्याचा मधला काळा ठिपका निम्मा उडाला. दत्ताला एवढा आनंद झाला की तो पुठ्ठा घेऊन साहेबांकडे धावला. "बघा, बघा, आमच्या वकिलांचा हात बघा!" साहेबांनी पुठ्ठा पाहिला, पण त्यांनी विचारलं ते दत्ताला — या पिस्तुलाबद्दल. मला नाही. घरी आल्यावर मी तो पुठ्ठा चुलीत घातला. बायकोनं विचारलं तर म्हटलं, रद्दी होती.

तिथून सुरुवात झाली असावी. की त्याच्याही आधी झाली होती? मला नीटसं सांगता येत नाही.

त्याच सुमाराला क्लबानं चांदमारीवर एक पगारी माणूस ठेवायचं ठरवलं. हत्यारं सांभाळायची, पुठ्ठे लावायचे, नव्या लोकांना शिकवायचं; राहायला एक खोली. दत्तासाठी जणू देवानंच काढलेली जागा. धग नाही, बोट नाही आणि आई चालण्याच्या अंतरावर. साहेबांच्या मनातही तोच होता. पण साहेब होते काटेकोर. ते म्हणाले, क्लबासाठी नवी पिस्तुलं घ्यायची की जुनी, ते आधी ठरू दे. नवी घेतली तर त्यांची यंत्रं समजणारा माणूस लागेल, म्हणजे दत्ताराम. जुनीच घ्यायची असली तर शिपाईसुद्धा सांभाळेल, वेगळा माणूस कशाला? तेव्हा पौषातल्या एका रविवारी दोन्ही पिस्तुलं सगळ्यांसमोर चालवून बघायची ठरली. तेच अंतर, तीच काडतुसं. माझं मी चालवायचं, त्याचं त्यानं.

जानकीकाकीनं बंदरावर सगळ्यांना सांगून टाकलं, "औंदा माजा दत्ता आगबोटीला पाठ करणार." तिनं त्याच्या खोलीत नवं सारवण केलं. मला वाटेत गाठून म्हणाली, "अनंता, तू हायस ना तिथं, मग मला काळजी नाय."

आता एक गोष्ट मागे जाऊन सांगायला हवी, नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही. खंडेनवमीला आमच्याकडे घरातली हत्यारं पुजतात — कोयता, विळी, पहार, जे असेल ते. काकीनं त्या वर्षी दत्ताचं पिस्तूलही पाटावर मांडलं होतं. त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि कोयत्याला लावतात तसं खोबरेलाचं बोट फिरवलं. दत्तानं ते फडक्यानं पुसून काढलं आणि दुपारी माझ्याकडे येऊन हसत हसत सांगितलं. "नशीब, आता उकाडा आहे. हेच तिनं थंडीत लावलंन असतं तर तेल आत थिजून पिस्तूल ठार बंद!"

तो हे सहज बोलून गेला. मीही सहजच ऐकलं. खोबरेल थंडीत थिजतं हे इथे कोणाला ठाऊक नाही? पौषात सकाळी बाटली उन्हात ठेवल्याशिवाय बायकांना वेणीफणी करता येत नाही. पण दत्ताचं ते वाक्य माझ्या डोक्यात कुठेतरी बसून राहिलं.

चाचणीच्या आदल्या दुपारी आम्ही दोघं माझ्या पडवीत पिस्तुलं साफ करत बसलो होतो. त्याच्याकडे बोटीवरचं पातळ यंत्राचं तेल होतं. कोंबडीच्या पिसानं तो ते फटीफटीत अगदी बेतानं लावायचा. त्यानं दोन्ही पिस्तुलांना लावलं. आधी माझ्या, मग स्वतःच्या. हो, माझ्या आधी. मग हात काळे झाले म्हणून तो मागच्या विहिरीवर धुवायला गेला.

पडवीच्या कोनाड्यात काकीच्या तेलाची बाटली होती.

मी बसल्या जागेवरून उठलो. एवढंच आठवतं की मला रहाटाचा आवाज ऐकू येत होता आणि तो थांबेपर्यंत वेळ आहे हे मला कळत होतं. तेव्हा राग आला होता का? नाही. दत्ताचं वाईट व्हावं असं वाटत होतं का? तेही नाही, ती जागा मला नकोच होती. मला फक्त साहेबांनी पुढच्या रविवारीही माझाच पुठ्ठा उजेडात धरायला हवा होता. मी दत्ताचंच पीस घेतलं, बाटलीत बुडवलं आणि त्याच्या पिस्तुलाच्या वरच्या भागाखाली, काडतुसावर ठोका मारणाऱ्या पिनेच्या भोकात, पेटीच्या स्प्रिंगेत — सगळीकडे सढळ हातानं तेल सोडलं. दुपारच्या उबेत ते पाण्यासारखं पातळ होतं. बाहेरचं पुसून टाकलं. वास लपवायला यंत्राच्या तेलाचं फडकं वरून फिरवलं. पीससुद्धा पुसून होतं तिथे ठेवलं.

दत्ता ओले हात झटकत आला, पिस्तूल उचललं, रुमालात गुंडाळलं आणि म्हणाला, "उद्या कोणाचंही चांगलं ठरो, चहा तुझ्याकडे."

मी म्हटलं, "माझ्याकडेच."

दुसऱ्या दिवशी चिरेखाणीत गारठा चांगलाच होता. जांभा रात्रभर गार पडलेला, उन्हं अजून खाली उतरली नव्हती. साहेब हातमोजे घालून उभे. आधी मी मारलं. बरा मारला नेम, नेहमीसारखा. मग दत्ता पुढे झाला. त्यानं वरचा भाग ओढला तेव्हाच त्याच्या कपाळाला आठी पडलेली मी पाहिली. चाप ओढला. टक्. बार नाहीच. नियमाप्रमाणे नळी खाली धरून तो थोडा थांबला, ते काडतूस काढलं, पुन्हा नेम धरला. या खेपेला बार झाला, पण वरचा भाग अर्धा मागे जाऊन तिथेच रुतला आणि रिकामं काडतूस फटीत आडवं अडकलं. मागे कुणीतरी हसलं.

दत्तानं पिस्तूल उघडलं. आत मेणासारखं पांढरं साचलेलं होतं. त्यानं त्यात बोट फिरवलं, नाकाशी नेलं. आणि मग त्यानं पाहिलं — माझ्याकडे नाही. माझ्याकडे पाहिलं असतं तर, कोण जाणे, मी तिथेच कोसळलो असतो. त्यानं पाहिलं मांडवीच्या बाजूला, जिथे त्याचं घर होतं.

साहेबांनी विचारलं, काय झालं? डॉक्टरनं वाकून वास घेतला आणि मोठ्यानं म्हणाला, "अहो, हे तर खोबरेल!" सगळी खाण हसली. उन्हात थोडा वेळ धरलं असतं तर तेल सुटलं असतं, पिस्तूल चाललंही असतं. दत्ताला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण मग खोबरेल आलं कुठून ते सांगावं लागलं असतं. आईनं लावलं, असं त्या लोकांपुढे त्याला म्हणायचं नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "माझी चूक, साहेब. साफ करायला चुकलो."

साहेब वाईट माणूस नव्हते. पण स्वतःचं पिस्तूल ज्याला नीट ठेवता येत नाही त्याच्या हवाली क्लबाची हत्यारं कशी करायची, असं त्यांना वाटलं, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? ते मला म्हणाले, "वकील, तुमचं जुनंच खरं." मी मान लववली. मग दत्ताच्या खांद्यावर हात ठेवून त्याला घरी चहाला घेऊन गेलो. त्यानं तो चहा प्याला.

खोबरेलाच्या पिस्तुलाची गंमत महिनाभर गावात चालली. बाजारात पोरं दत्ताला पाहून डोक्यावर तेल चोळल्यासारखं करायची. क्लबात ती गंमत कोण सांगायचं? मी. सगळ्यात चांगली मीच सांगायचो, साहेबांच्या आवाजासकट.

दत्ता शिमग्याच्या आत परत बोटीवर गेला. दुसरं करणार काय? मांडवीला पडावात बसताना त्यानं पिस्तूल माझ्या हातात दिलं. "तुझ्याकडे परवाना आहे, राहू दे तुझ्याकडे. चालव अधूनमधून." काकी धक्क्यावर उभी होती. आगबोट दिसेनाशी झाली तरी ती हलली नाही. शेवटी मीच तिला घरी पोचवलं.

इथपर्यंत जे सांगितलं ते वाईट आहे, मला ठाऊक आहे. पण ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते अजून सांगितलेलं नाही. ते इथून पुढे आहे.

आठ-पंधरा दिवसांनी काकी माझ्या पडवीत आली. बसली नाही. खांबाला धरून उभी राहिली. बाजारातली चेष्टा तिच्या कानावर गेली होती.

"अनंता," ती म्हणाली, "माज्याच हातनं झालंय रे ते."

"नवमीला मी तेलाचं बोट लावलं होतं. दत्तानं पुसलंन खरं, पण आत राहिलं असणार. आणि आदल्या रातीला मी ते पुन्हा उचललं, देवापुढं ठेवायला. माजे हात सदाचे तेलाचे. त्यानं मला एका शब्दानं नाय विचारलंन. विचारलंन असतं तर बरं होतं रे."

तिच्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. ती नुसती स्वतःच्या तळव्यांकडे बघत होती.

त्या वेळी पडवीत आम्ही दोघंच होतो. तो कोनाडा तिच्या डोक्यामागेच होता आणि बाटलीही त्यातच होती. मला फक्त बोट दाखवायचं होतं. एक वाक्य, आणि तिचे हात मोकळे झाले असते. मी काय केलं? मी तिच्या जवळ गेलो, तिचे ते दोन्ही हात माझ्या हातांत घेतले आणि म्हटलं — अगदी मायेनं म्हटलं — "असू दे, काकी. तुला काय माहीत होतं? तू मुद्दाम थोडंच केलंस? मनाला लावून घेऊ नकोस."

मी तिला क्षमा केली. समजलं ना तुम्हाला? मी. तिला.

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, "तू हायस म्हणून सांगितलं," आणि गेली.

त्यानंतर काकीनं तेलाला हात लावणं सोडलं. पहिल्यांदा कुणाच्या लक्षातही आलं नाही. दिवाळीला आमची बाटली आली नाही, तेव्हा बायको म्हणाली, यंदा खोबरं कमी निघालं असेल. मग दिसायला लागलं. तिचे केस कोरडे, पिंजारलेले; शेजारच्या बायका म्हणायच्या, म्हातारीला वेड लागलं. देवापुढच्या दिव्यातसुद्धा ती शेजारणीकडून तेल घालून घ्यायची. नारळ झाडावरूनच विकून टाकायची. खंडेनवमीला कोयता पाटावर मांडायची आणि लांब बसायची. मी गेलो की मात्र हसायची. मी वरचेवर जायचो. तिला काय हवं नको ते बघायचो, पावसाच्या आधी घर शाकारून द्यायचो. गावात म्हणायचे, वकिलानं मित्राची आई स्वतःच्या आईसारखी सांभाळली. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. तेही कर्मच होतं, म्हणून सांगतो.

दत्ता दोन-तीन वर्षांनी एकदा यायचा, महिनाभर राहायचा. खोकला वाढलेला. एकदा आम्ही दोघं चिरेखाणीत गेलो. चांदमारी तोपर्यंत बंद पडली होती, साहेबांची केव्हाच बदली झाली होती, बांधावर निवडुंग माजला होता. दोन्ही पिस्तुलं बरोबर होती. त्यानं नवं चालवलं, न अडखळता, एकामागून एक. मग रिकामी पेटी काढून तिच्याकडे बघत म्हणाला, "आयेला एकदा सांगावं म्हणतो, की मला राग नाय. पण विषय काढला की ती उठून जाते." मी माझं जुनं पिस्तूल झुकवून नखानं काडतूस काढत होतो. ते निघत नव्हतं. मी ते बराच वेळ काढत राहिलो.

काकी गेल्या पौषात वारली. पहाटे गेली, शेजारणीनं येऊन सांगितलं. दत्ता आफ्रिकेच्या कुठल्यातरी बंदरात होता. तार केली तरी पोचायचा नव्हता. सगळं मीच बघत होतो. आमच्याकडे शेवटची आंघोळ घालताना डोक्याला तेल घालतात. बायकांनी पाणी तापवलं आणि तेल शोधायला लागल्या. घरात तेल नव्हतं. फडताळात नाही, चुलीमागे नाही, देवापाशी नाही. ज्या घरातून सगळ्या आळीला तेल जायचं त्या घरात एक थेंब नव्हता. कुणीतरी म्हणालं, वकिलांकडे असेल, आणा लवकर.

मी घरी आलो. बाटली त्याच कोनाड्यात होती. तेल मात्र आता बाजारचं. गारठ्यानं ते दगडासारखं थिजलं होतं, उपडी केली तरी हलत नव्हतं. मी ती दोन्ही तळव्यांत धरली आणि चुलीपाशी बसलो. कडेचं तेल आधी सुटलं, मधला पांढरा गोळा बराच वेळ तसाच राहिला. बायको शेजारी उभी होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. तिनं विचारलं, "अहो, बाटली एवढी घट्ट का धरलीत?"

मी म्हटलं, "गारठा आहे."

मग तेल वितळलं, आणि मी ते नेऊन दिलं.